शीग की सपाट?

'वाटीभर रवा घ्या' असं टीव्हीवरच्या बाईंनी म्हणायचा अवकाश, आप्पा खुर्चीतून ओरडतात, "शीग की सपाट?" बाई उत्तर देत नाहीत. मग आप्पा आमच्याकडे असे पाहतात, जणू उरलेला रवा आम्हीच लंपास केलाय.

आमचे आप्पा नरडाण्याचे. उभी हयात बाजार समितीत मापाडी म्हणून गेली आणि निवृत्त झाल्यावर काटा थेट ओट्यावर आला. सुनेने पोह्यांत साखर टाकली, शीग की सपाट? शेजारीण वाटीभर डाळ मागायला आली, शीग की सपाट? डॉक्टरांनी दोन चमचे औषध सांगितलं, तर कंपाउंडरलाही तेच. पातळ औषधाला शीग कुठून येणार हो, असं तो बिचारा म्हणाला. आप्पांच्या मते हे उत्तर टाळणं झालं.

अमेरिकेतल्या पुतणीने केकची कृती पाठवली, तेव्हा घरात सणच होता. तिकडचा कप 240 मिलिलिटरचा. आप्पांनी मैदा चाळून भरला, 120 ग्रॅम. दाबून भरला, दीडशेच्या वर. त्याच कपात साखर भरली, 200. "आते सांगा, कप म्हणजे कितलं?" केक राहिला बाजूला, मैदा तीन वेळा मोजून झाला होता आणि ओव्हन थंड.

तेलाच्या पिशवीवर तर त्यांचा जुना राग. लिटरभर तेल काट्यावर किलो भरत नाही, साधारण 910 ग्रॅम भरतं, हे त्यांना ठाऊक आहे; तेल पाण्यापेक्षा हलकं. पण गरम झालं की ते फुगतं. सरकारी हिशेबाने लिटरभर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 893च्या आत. काही कंपन्या पिशवीवर तापमान छापून लिटर भरत, म्हणून 2022 मध्ये केंद्राने तापमानाशिवाय माप आणि वजन दोन्ही छापायला सांगितलं. आप्पांनी ते कात्रण फडताळाच्या दाराला आतून डकवलंय. एरवी सरकारबद्दल त्यांचं मत छापण्याजोगं नाही.

त्यांची जिरली ती एकदाच. लग्नात वरण-बट्टीचा आचारी कढईत मुठीने मीठ टाकत होता. आप्पांनी काटा पुढे केला. "आप्पा, हात हाऊच मन्हा काटा शे," म्हणत त्याने तीन मुठी एकेक करून काट्यावर टाकल्या. तिन्हींत फरक दोन-तीन ग्रॅमचा. त्या दिवशी आप्पा पंगतीत एक शब्द बोलले नाहीत. पाहुण्यांना वाटलं, मानपानावरून रुसले.

हा छंद आला कुठून, ते त्यांनी फार उशिरा, काट्याची पारडी पुसता पुसता सांगितलं. वडील सालदार. अडीनडीला मालकाच्या खळ्यातून ज्वारी उसनी यायची. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली; हे कोष्टक त्यांना शाळेच्या आधी पाठ होतं. "पायली एकच," आप्पा म्हणाले, "पन देवाना टाईमले सपाट, लेवाना टाईमले शीग." माय समोर उभी असायची, बोलायची नाही. 1956 च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, पायल्या हळूहळू माळ्यावर गेल्या, पोरगा मापाडी झाला. त्यांच्या काट्यावर शेतकऱ्याचं दाणाभर कमी भरलं नाही म्हणतात. मी खोडून काढत नाही.

परवा बिबडे करायला बाया आल्या होत्या. ठरलेले पैसे चुकते झाल्यावर आप्पांनी माळ्यावरचं जुनं मापटं काढलं आणि प्रत्येकीच्या पदरात ज्वारी ओतली. शीग अशी, की दाणे ओट्यावर सांडले. काट्याला कुणी हात लावला नाही.

"पाहा," सून माझ्या कानाशी म्हणाली, "बाहेर शीग, घरात सपाट. काल अर्ध्या चमच्या जिऱ्यासाठी माझी झडती झाली."