निवांतपणाचा चार्ज

ऑस्ट्रेलियातल्या बायरन बे या गावाच्या वेशीवर ‘हसा, वेग कमी करा, निवांत व्हा’ अशा अर्थाची एक पाटी आहे. रस्त्यावरच्या पाट्यांनी आजवर मला पुष्कळ गोष्टी करू नका म्हणून बजावलंय. थुंकू नका, वळू नका, हॉर्न वाजवू नका. निवांत होण्याचा हुकूम मात्र पहिल्यांदाच वाचला. ह्यांनीही चष्मा सावरून तो वाचला आणि विचारलं, "किती वाजेपर्यंत?"

प्रश्न अगदीच वाह्यात नव्हता. लेक ब्रिस्बेनला असते आणि तिथून बायरन गाडीने साधारण दोन तासांवर. पण ब्रिस्बेन क्वीन्सलँडमध्ये आणि बायरन न्यू साउथ वेल्समध्ये. ऑक्टोबर लागला की न्यू साउथ वेल्सवाले घड्याळ तासभर पुढे करतात, क्वीन्सलँडवाले करत नाहीत. त्यामुळे दहाला निघून बाराला पोचावं, तर तिथे एक वाजलेला. ज्या गावात कुणी घड्याळाकडे ढुंकून बघत नाही, त्याचंच घड्याळ तासभर पुढे! बँकेत हयात गेलेल्या माणसाला हा तास कोणत्या खात्यात टाकावा ते कळेना. "परत जाताना मिळेल हो," लेकीने निघतानाच समजूत घातली होती. "आणि बाबा, तिथे काही बघायचं नाही, नुसतं पडून राहायचं." ह्यांनी त्याचंही वेळापत्रक केलं. सकाळी सात ते नऊ, किनारा. कंसात, पडून राहणे.

गाव मात्र वेळापत्रकाला दाद देणारं नाही. मुख्य रस्त्यावर अर्धी माणसं अनवाणी. किराणा दुकानाच्या रांगेत आमच्या पुढे एक तरुण उभा होता. ओली चड्डी, काखेत सर्फिंगची फळी, पाठीवर वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ, हातात फक्त दोन केळी. गल्ल्यावरच्या मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. रस्त्यांना नावं टेनिसन, कीट्स अशी. १७७० मध्ये कॅप्टन कुकने इथल्या भूशिराला जॉन बायरन या दर्यावर्दीचं नाव दिलं. पुढे रस्त्यांना नावं देताना कुणा कारकुनाला तो कवी बायरन वाटला आणि त्याने कवींची रांगच लावली, असं गावात सांगतात. कवी खरं तर त्या दर्यावर्दीचा नातू. "आजोबांच्या खात्यात नातवाची एंट्री," हे म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच मनापासून हसले.

इथली निवांत माणसं उठतात मात्र काकडआरतीच्या वेळेला. ‘द पास’ नावाच्या किनाऱ्यावर आम्ही उजाडता उजाडता पोचलो, तर पाण्यात आधीच गर्दी. एक बाई वाळूत गुडघे टेकून फळीवर मेणाची वडी गोल गोल घासत होती. मेणाने पाय घसरेल असं आपल्याला वाटतं. इथे ते पाय घसरू नये म्हणून लावतात. मग ती पाण्यात गेली आणि फळीवर बसून राहिली. लाटा येत होत्या, ती सोडून देत होती. खूप वेळाने एक पसंत पडली. ती उठून उभी राहिली, उजवीकडे लांबवर सरकत गेली आणि पडली. पुन्हा हात मारत मागे, पुन्हा बसणं. ह्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "अर्धा तास बसली, पंधरा सेकंद उभी राहिली. आमच्याकडे एक डेप्युटी मॅनेजर होते असे."

हा आरामही गावाच्या अंगी अलीकडेच आलेला. एके काळी इथे लोण्याचा कारखाना होता, खाटीकखाना होता, आणि १९५४ ते १९६२ या काळात देवमासे मारून त्यांचं तेल काढण्याचा धंदाही होता. साठच्या दशकात लाटांसाठी तरुण पोरं आली. १९७३ मध्ये जवळच्या निंबिनला अॅक्वेरियस महोत्सव झाला, त्यातली कितीतरी केसाळ मंडळी परत न जाता याच डोंगरांत राहिली. स्वस्तात राहता येत होतं हे मुख्य कारण. आता इथे सिनेनटांचे बंगले आहेत आणि कॉफी देणाऱ्या पोराला भाड्याची खोली मिळत नाही. बिनधास्त जगायला हल्ली भक्कम पगार लागतो. फायदा झाला तो देवमाशांचा. ऑक्टोबरात ते पिल्लं घेऊन दक्षिणेकडे निघतात, आणि १९०१ सालच्या पांढऱ्या दीपगृहाखाली माणसं दुर्बिणी लावून त्यांची वाट बघतात.

त्या दुपारी किनाऱ्यावर ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या पर्समध्ये टाकलं, "अगं, जरा पडतो," म्हणाले आणि घोरू लागले. मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर आठवलं, गाडी उभी करायचे पैसे किती वाजेपर्यंतचे भरलेत? पासपोर्ट कुठल्या पिशवीत आहेत? भरती किती वर येते? इतक्यात लाल डोक्याची, काळी रानटर्की झुडपातून आली आणि लेकीने दिलेल्या चकल्यांचा पुडा ओढून चालती झाली. मी धावले. परत येऊन चपला मोजल्या, चारही होत्या. लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये माणसं खुशाल डुंबत होती. जीवरक्षक तेवढा उभा होता. त्याची नजर पाण्यावरून हलत नव्हती. सगळ्या किनाऱ्यावर ड्युटीवर असे आम्ही दोघेच. त्याला पिवळा सदरा तरी होता.

इतकी वर्षं मी घरात बेफिकीर म्हणून मिरवते आणि ह्यांना काळजीखोर म्हणते. पण काळजी हा काही स्वभाव नव्हे, ते पद आहे. रिकामं झालं की जवळ असेल त्याची नेमणूक होते. एवढं मोठं गाव बिनघोर दिसतं, तेही कुणीतरी झेंडे रोवून उभं असतं म्हणून.

जाग आल्यावर ह्यांनी डोळे चोळत विचारलं, "किती वाजले?" मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं, गाडीची किल्ली दिली, पासपोर्टची पिशवी दिली आणि उताणी पडले. चार्ज देताना यादीवर सही घ्यायची असते, हे ते मला सांगत होते तेव्हा माझा डोळा लागला होता.