मुहूर्तकाका

आमच्या सोसायटीत नवा फोन घ्यायचा झाला तर माणूस आधी बायकोला विचारतो, मग बँकेतली शिल्लक बघतो आणि शेवटी मुहूर्तकाकांकडे जातो. पहिल्या दोन्हीकडून होकार आला तरी काकांकडून येत नाही.

काकांना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण जगभरच्या डेव्हलपर परिषदा त्यांना एकादश्यांसारख्या पाठ. मे महिन्यात गूगल आय/ओ, जूनमध्ये ॲपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी. कॅलिफोर्नियात सकाळी दहाला कीनोट सुरू होतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. त्या रात्री काका आठलाच जेवतात आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसतात. काकू म्हणतात, "सत्यनारायणाला कधी इतकं सरळ बसला नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगशेजारच्या बाकावर शंकासमाधान असतं. प्रश्न कुठलाही असो, उत्तर ॲपलच्या क्युपर्टिनोवरून फिरून येतं.

"काका, नातवाला लॅपटॉप घ्यायचाय. कितीपर्यंत बरा मिळेल?"

"२००५ च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्सनं जाहीर केलं, मॅकमध्ये इंटेलची चिप बसणार. २०२० च्या जूनमध्ये टिम कुकनं जाहीर केलं, इंटेलची चिप जाणार. पंधरा वर्षांचा संसार मोडला! आणि तुम्हाला चार दिवस दम निघत नाही?"

बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांचा आक्षेप हिशोबाचा होता. "आयफोनचं आयओएस १८ नंतर एकदम २६? मधले सात गेले कुठे?"

"सालावरून नाव ठेवलंय. २०२५ मध्ये आलं, पण नाव पुढच्या सालाचं. आपली भिंतीवरची कॅलेंडरं नाही का दिवाळीतच येत? आणि मायक्रोसॉफ्टनं तर विंडोज आठनंतर थेट दहा काढलं. नववीला न बसता दहावी!"

काकांचा सगळ्यात लाडका किस्सा २००२ सालचा. त्या वर्षी डब्ल्यूडब्ल्यूडीसीच्या व्यासपीठावर जॉब्सनं चक्क शवपेटी आणवली. आत मॅक ओएस ९ चं भलंमोठं खोकं. वर जॉब्सचं शोकाचं भाषण. जुनी प्रणाली आता गेली, यापुढे नव्यासाठीच लिहा, हे डेव्हलपर मंडळींच्या गळी उतरवायचं होतं. "पण कावळा शिवला नाही," काका आवाज खाली आणून सांगतात. "पुढे कित्येक वर्षं तो जुना जीव नव्या मॅकच्या पोटात 'क्लासिक' नावानं वावरत होता. जुनी सॉफ्टवेअरं त्याच्यावरच चालायची."

"मग एकदा प्रत्यक्ष जाऊन का येत नाही?" असं कुणीतरी विचारतंच.

"तिकीट मिळायला नको? २०१३ मध्ये एक तिकीट सोळाशे डॉलरला एक कमी होतं, तरी दोनेक मिनिटांत सगळी संपली. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांनाच ते दुःख कळेल. म्हणून २०१४ पासून त्यांनी सोडत काढली. म्हाडासारखी!"

एवढं सगळं ऐकून झालं की सल्ला एकच मिळतो: थांब. एप्रिलमध्ये विचारलं तर "जूनमध्ये काय जाहीर होतंय बघू." जूनमध्ये विचारलं तर "ही नुसती घोषणा, खरी वस्तू सप्टेंबरात." सप्टेंबरात "दिवाळीत दर उतरतील," आणि दिवाळीत "आता सहा महिन्यांसाठी कशाला घाई?" मी या चक्रात तीन वर्षं फिरलो. लग्नाची स्थळंसुद्धा कुणी इतकी लांबवत नाही.

मग गेल्या मे महिन्यात माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला. मी तो तसाच घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, फोन उलटासुलटा केला, बटण दाबलं, कानाशी धरून हलवला.

"चालूच होत नाही?"

"नाही."

"दुरुस्तीवाला काय म्हणाला?"

"म्हणाला, यात आता काही राहिलं नाही."

"मग आज संध्याकाळी नवा घे."

मी थक्क झालो. "अहो, पण पंधरा दिवसांवर कीनोट आलंय!"

"निकामी वस्तूला कीनोट लागत नाही," काका म्हणाले आणि चहा घ्यायला आत गेले.

काकूंनी खुलासा केला. काका एकतीस वर्षं सरकारी भांडारात स्टोअरकीपर होते. कुणी मागणीपत्र आणलं की आधी म्हणायचे, जुनी वस्तू टेबलावर ठेव. तिचं रीतसर निर्लेखन झाल्याखेरीज साहेबालासुद्धा नवी खुर्ची मिळाली नाही. निवृत्तीनंतर मागणीपत्रं बंद झाली, पण नव्याचा सोस असलेली माणसं येतच राहिली. पूर्वी त्यांना फॉर्म भरायला लावून थोपवता यायचं. आता जून दाखवून थोपवावं लागतं.

चहा घेताना काकांचा फोन वाजला म्हणून पाहिलं. २०१६ सालचा आयफोन एसई. त्याचं आयओएस पंधरावरच थांबलंय. त्यानंतरच्या प्रत्येक जूनमध्ये रात्री जागून ऐकलेली एकही नवी सोय त्यावर आलेली नाही.

फोन अजून चालतो.