चोंगचिंगचा तळमजला

शहराचा नकाशा सपाट कागदावर मावतो आणि प्रत्येक इमारतीला जमिनीला टेकलेला एकच तळमजला असतो, ही दोन गृहीतके प्रवासी पासपोर्टबरोबरच घरून घेऊन निघतो. नैऋत्य चीनमधील चोंगचिंग महानगरात पासपोर्ट तपासून परत मिळतो, गृहीतके मात्र परत मिळत नाहीत. यांगत्से आणि चियालिंग या नद्यांच्या संगमावर, डोंगरकड्यांना धरून हे शहर उभे आहे. १९९७ मध्ये ते सिच्वान प्रांतापासून वेगळे काढून थेट केंद्राच्या अखत्यारीत आणले गेले आणि त्याच्या हद्दीत आज तीन कोटींहून अधिक लोक राहतात, या आकड्याने मुंबईकराने खजील होण्याचे कारण नाही, कारण सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरच्या त्या हद्दीत शेते, डोंगर आणि खेडीही मोजलेली आहेत.

तेथे पोहोचण्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा काढावा लागतो. शिवाय २०२० मध्ये थांबलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगचौ मार्गाने पुन्हा सुरू झाली असली, तरी चोंगचिंगसाठी कोठेतरी विमान बदलणे आलेच. या वळशाबद्दल कुरकुर करण्यापूर्वी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवावेत, कारण १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघालेले त्यांचे भारतीय वैद्यकीय पथक येनानला जाण्याआधी, तेव्हा चीनची युद्धकालीन राजधानी असलेल्या याच शहरात मुक्कामाला होते, आणि त्या मंडळींनी सामानाच्या वजनावरून वाद घातल्याची नोंद कोठे आढळत नाही.

शहरात उतरल्यावर मोबाइल हेच पाकीट, तिकीट आणि वाटाड्या होते. भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांचे पैसे चौकोनी ठिपक्यांचा कोड टिपून चुकते करायचे असतात आणि नोट पुढे केली तर ती नाकारली जात नाही, पण सुट्ट्यांसाठी जी शोधाशोध सुरू होते ती पाहून देणाऱ्यालाच अपराधी वाटते. नकाशाची गोष्ट याहून अवघड आहे. चीनमध्ये नकाशांसाठी सरकारमान्य निर्देशांक-पद्धत सक्तीची असून तीत प्रत्यक्ष स्थान मुद्दाम थोडे सरकवलेले असते, म्हणून परदेशी ॲपमध्ये फुटपाथवर उभा असलेला माणूस नदीत बुडालेला दिसू शकतो. स्थानिक ॲप त्याला नदीतून काढते आणि ‘आपण मुक्कामी पोहोचलात’ असे जाहीर करते. मुक्काम खरोखर तेथेच असतो, फक्त पंधरा मजले वर.

चियालिंगच्या काठी कड्याला पाठ लावून उभी असलेली होंगयादोंग ही अकरा मजली वास्तू या विषयाचा प्राथमिक पाठ होय. नदीकाठच्या रस्त्यावरून आत शिरणारा पहिल्या मजल्यावर असतो. तो लिफ्टने अकराव्या मजल्यावर जातो आणि आता गच्ची लागेल म्हणून बाहेर पडतो, तो समोर दुसराच रस्ता, त्यावर निवांत धावणाऱ्या गाड्या. क्वेशिंगलौ येथे तर चौकातून सरळ चालत जाऊन कठड्यावरून वाकले की खाली मजल्यांमागून मजले आणि त्यांच्याही तळाशी वाहता रस्ता दिसतो. अशा ठिकाणी ‘खालीच भेटू’ असे ठरवून दोन मित्र दिवसभर एकमेकांची वाट पाहू शकतात, आणि दोघेही वेळेवर आलेले असतात.

लिझिबा स्थानकात मोनोरेल, म्हणजे एकाच तुळईवर बसून रबरी चाकांनी धावणारी गाडी, १९ मजली निवासी इमारतीच्या पोटातून आरपार जाते. उभ्या इमारतीला भोक पाडून गाडी घुसवली हा समज रंजक पण खोटा आहे. इमारत आणि सहाव्या ते आठव्या मजल्यांवरील स्थानक एकत्रच आखले गेले आणि रहिवाशांना धक्के जाणवू नयेत म्हणून दोहोंचे खांब वेगळे ठेवले गेले. अभियंत्यांच्या या विवेकाकडे खालच्या रस्त्यावरील पर्यटकांचे लक्ष नसते. तेथे प्रौढ, पदवीधर, एरवी गंभीर माणसे आ वासून उभी असतात आणि मोबाइल धरलेला जोडीदार हातवारे करून त्यांना जरा डावीकडे सरकवत असतो, कारण नेमका कोन साधला तर गाडी तोंडात शिरल्याचे छायाचित्र मिळते. दातांच्या डॉक्टरपुढे जे तोंड मिनतवारीने उघडते, ते येथे सहा डब्यांची गाडी येईपर्यंत स्वखुशीने उघडे राहते.

भूमिगत मेट्रोत पिशवी क्ष-किरण यंत्रातून काढल्यावरच प्रवेश मिळतो आणि होंगयानत्सुन स्थानक तर सुमारे ११६ मीटर खोल असल्याने सरकत्या जिन्यांवरचा वेळ प्रवासातच धरावा लागतो. जिन्याला वाहन मानण्यात येथे कोणाला वावगे वाटत नाही: १९९६ पासूनच्या, ११२ मीटर लांबीच्या ‘ह्वांगग्वान’ सरकत्या जिन्याला चक्क तिकीट आहे. सायकलींचा देश म्हणून पाठ केलेल्या चीनमध्ये या चढउतारांच्या शहरात सायकल मात्र क्वचितच दिसते, आणि ओझी वाहण्याचे काम बांबूची कावड खांद्यावर घेतलेले ‘बांगबांग’ हमाल पिढ्यान्‌पिढ्या करत आले. त्यांची संख्या आता रोडावली आहे, पण कोणत्या पायऱ्या कोठे निघतात हे विचारायला त्यांच्यासारखा दुसरा अधिकारी पुरुष नाही.

टॅक्सीचा पर्याय उरतो, तो ह्वांगज्युएवानपर्यंत. तेथील उड्डाणपुलाला पाच थर आहेत, २० रॅम्प आहेत, आठ दिशा आहेत, आणि एक वळण चुकले की एक दिवसाची चोंगचिंग-सहल घडते अशी थट्टा स्थानिक लोकच करतात. टॅक्सीचालक सहसा वळण चुकत नाहीत. वेगही कमी करत नाहीत, त्यामुळे मागे बसलेल्या पाहुण्याला आपण कोणत्या थरावर आहोत हा प्रश्न पडण्याआधीच पुढचा थर आलेला असतो.