आभाळ हिरवं होतं का हो?

– वहिनी, पापड वाळत घातले का?

– घातलेत, आता कोंबड्या हाकत बसलेय. ते जाऊ द्या, मास्तरांच्या पोराचे फोटो पाहिले का? नॉर्वेतल्या ध्रुवीय प्रकाशाचे?

– दाभोशात कुणी पाहायचं राहिलंय? मास्तर वईवईला थांबून दाखवतात. हिरवंगार आभाळ! पण सून म्हणते, खोटंय सगळं. त्या पोराच्या बायकोनंच फोनवर सांगितलं, डोळ्याला नुसता पांढुरका ढग दिसत होता.

– मग खोटं कसं? अमावास्येला अंगणात उभं राहून सांगा बरं, लुगडं हिरवं की निळं. अंधारात डोळ्याला रंग कळत नाही. फोन पाच-दहा सेकंद उजेड साठवत राहतो, म्हणून त्याला कळतो. प्रकाश जोराचा असला की आपल्यालाही हिरवा दिसतोच की.

– तुम्हाला बरं सगळं ठाऊक!

– भाचा लडाखला होता ना. 2024 च्या मे महिन्यात सूर्यावरून मोठं वादळ आलं, वीस वर्षांत तसं झालं नव्हतं. 10 तारखेच्या रात्री हान्लेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात आभाळ लाल उमटलं. हिरवा प्रकाश खालच्या थरात, लाल त्याच्याही वर. ध्रुवापासून इतक्या लांबून वरचाच तेवढा दिसतो.

– भाच्यानं काढला का फोटो?

– कसला! घोरत होता. सकाळी मोबाइलवर पाहिलं.

– आपल्याकडं कुठलं दिसायला म्हणा.

– दिसलंय! 4 फेब्रुवारी 1872 ला चक्क मुंबईत. एडनला जाणारी समुद्रातली तारही त्या वेळी बिघडली होती. तेव्हा कुठला फोन? लोकांनी डोळ्यांनीच पाहिलं.

– अगंबाई! आणि आपण तर मुंबईच्याही उत्तरेला. परत आलं तर? माझा हात कापतो हो फोन धरताना.

– धरायचाच नाही. दगडाला टेकवून ठेवायचा. रात्रीचा मोड लावायचा, फ्लॅश बंद. टायमर लावला म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. आपल्या धबधब्याकडं नको मात्र, तुषारांनी काच धुरकट होते. चांदण्यांवर सराव करा आधी.

– करते. तेवढं मुंबईचं मास्तरांना सांगू नका हां.

– का?

– उद्यापासून त्यांच्या पणजोबांनी पाहिलेलं असेल ते!