सात आखूड, एक लांब

टावर चौकात सध्या जहाज बुडण्याची फार चर्चा आहे. उज्जैन समुद्रसपाटीपासून जवळजवळ 490 मीटर उंचावर असल्यामुळे ही चर्चा अगदी निर्धास्तपणे करता येते. आणि आमचा समुद्राशी काही संबंधच नाही असं कुणी समजू नये. ग्रीनिचचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा भारतीय ज्योतिषांची शून्य रेखांशाची रेषा आमच्या गावावरून जात होती. हल्ली मात्र आमच्या वाट्याला फक्त क्षिप्रा आहे, आणि तिच्यात पाणी दिसावं म्हणून 2014 पासून नर्मदेचं पाणी पंपाने चढवून आणावं लागतं. ज्यांच्या नदीलाच दुसरी नदी पाजावी लागते त्यांनी लाइफबोटीवर मतं देऊ नयेत, असं एखादा मुंबईकर म्हणेलही. त्याने एकदा संध्याकाळी आमच्या चौकात येऊन बघावं. साबूदाण्याच्या खिचडीवर जीरावन मसाला भुरभुरून होईपर्यंत इथे होर्मुझच्या सामुद्रधुनीचा निकाल लागलेला असतो.

निमित्त झालं आमच्या बँकवाल्या काकांचं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण टावरखाली त्यांचं काउंटर रोज उघडतं. मुलगा आणि सूनबाई पुण्याला असतात. त्यांनी काका-काकूंना सिंगापूरहून सुटणाऱ्या एका क्रूझवर नेऊन आणलं. तेव्हापासून काका रिक्षावाल्याला "जरा स्टारबोर्डला घे" म्हणतात, आणि रिक्षावाला बिचारा "हाँ भिया" म्हणून डावीकडे वळतो.

काकांनी बुफेतले पदार्थ सांगून झाले, थंड पडलेल्या पोह्यांबद्दल तक्रार झाली, तेव्हा कुणीतरी विचारलं, "काका, बोट बुडाली तर काय करायचं ते शिकवतात म्हणे?"

"शिकवतात ना. सक्तीचं असतं. आम्ही शिकलो."

"कसं?"

"फोनवर. व्हिडिओ असतो. नातवाने आमच्या सगळ्यांच्या फोनवर एकदम लावला, आवाज बंद करून. आम्ही तोवर जेवून घेतलं. मग त्याने 'पाहिलं' असं दाबलं."

"झालं?"

"नाही हो, असं कसं झालं? मग आपापल्या जागेवर जाऊन कार्ड दाखवायचं. तिथे एक मुलगी उभी होती. कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, ती हसली, म्हणाली एन्जॉय."

"जागा कुठली होती पण?"

यावर काकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "आइस्क्रीमच्या मशीनजवळची."

चौकातल्या मंडळींना हे सगळं इतकं ओळखीचं वाटलं की क्षणभर कुणी बोललंच नाही. ई-केवायसी झालं, ई-हजेरी झाली, हयातीचा दाखला फोनवरून जायला लागला. आता बुडण्याची पूर्वतयारीही ऑनलाइन झाली म्हणजे पाश्चात्त्य जग अखेर आपल्या पातळीला आलं, याचा एक प्रकारचा अभिमानच सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

आता जरा इतिहास. चौकात तो मला सांगू देत नाहीत, म्हणून इथे.

या कवायतीला जहाजावर मस्टर म्हणतात. तिची जुनी पद्धत अशी, की भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजायचा. मग हजारो माणसं, हातातले पेले तसेच ठेवून, आपापल्या लाइफबोटीखाली रांगेत उभी राहायची. नारिंगी जाकिटं घालून, उन्हात. कर्मचारी नावं पुकारायचे. लहान मुलं रडायची. कुणीतरी हटकून बारमध्येच सापडायचा आणि त्याला आणेपर्यंत बाकीचे ताटकळायचे. कवायतीला साफ नकार देणाऱ्यांना सामानासह धक्क्यावर उतरवून दिल्याचीही उदाहरणं आहेत. पुढे बऱ्याच कंपन्यांनी जाकीट घालून येण्याची अट काढून टाकली, कारण लोंबणाऱ्या पट्ट्यांत पाय अडकून लोक जिन्यावरून पडत होते. सुरक्षेच्या साधनापासून प्रवाशांची सुरक्षा करावी लागली.

ही कवायत कधी घ्यायची याचाही नियम होता: प्रवासी चढल्यापासून 24 तासांच्या आत. नियम उत्तम होता, फक्त जहाजाने तो वाचलेला नव्हता. 13 जानेवारी 2012 च्या संध्याकाळी 'कोस्टा कॉनकॉर्डिया' रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून निघालं तेव्हा त्यावर चार हजार दोनशेच्या वर माणसं होती. त्यातले सुमारे सातशे प्रवासी तिथेच चढले होते आणि त्यांची कवायत दुसऱ्या दिवशी ठरली होती. रात्री पावणेदहाच्या सुमारास जिलिओ बेटाजवळच्या खडकाने जहाजाची कूस फाडली. प्रवाशांना सांगण्यात आलं की वीज गेली आहे. काहींना तर खोल्यांत परत जायला सांगितलं. जहाज सोडण्याचा हुकूम निघायला तासाहून जास्त वेळ लागला. 32 माणसं गेली. कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तीनो मात्र प्रवासी जहाजावर असतानाच किनाऱ्याला लागले होते. आपण लाइफबोटीत चढलो नाही, पाय घसरून तिच्यात पडलो, असं त्यांचं म्हणणं होतं. कवायतीशिवाय इतकं नेमकं पडता येणं हा गुण म्हणायला हवा, पण इटलीच्या न्यायालयाला त्याची कदर नव्हती. 2015 मध्ये त्यांना 16 वर्षांची शिक्षा झाली.

मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? त्या सातशे जणांच्या बाबतीत नियम मोडलाच गेला नाही. 24 तास कुठे संपले होते? कागदोपत्री सगळं ठीक असताना जहाज आडवं झालं. ही गोष्ट आपल्याकडे घडली असती तर चौकशी समितीने याच मुद्द्यावर सगळ्यांना निर्दोष सोडलं असतं.

तिकडे मात्र नियम बदलला. महिनाभरातच क्रूझ कंपन्यांनी ठरवलं, की बंदर सोडण्याआधीच कवायत घ्यायची. 1 जानेवारी 2015 पासून तसा आंतरराष्ट्रीय नियमही लागू झाला: निघण्याआधी, किंवा निघताक्षणी. पुन्हा माणसं रांगेत उभी राहिली, पुन्हा मुलं रडली, बारमधल्याला शोधायला पुन्हा माणूस गेला. खरं शहाणपण सुचलं होतं, आणि तेही वेळेवर, म्हणजे फक्त 32 माणसांनंतर. 'टायटॅनिक'च्या वेळी दर जास्त होता. तिच्यावर 14 एप्रिल 1912 च्या रविवारी ठरलेली बोटींची कवायत रद्द झाली होती आणि त्याच रात्री हिमनग आला. पहिली लाइफबोट खाली सोडली तेव्हा 65 जणांच्या जागेत 28 जण बसले होते. बाकीच्यांना वाटत होतं, एवढं चांगलं गरम जहाज सोडून त्या होडक्यात कोण बसेल!

मग 2020 साली साथ आली आणि गर्दी हे पाप ठरलं. जुलैमध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने नवी पद्धत जाहीर केली, नाव 'मस्टर 2.0'. फोनवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर व्हिडिओ बघा, मग सवडीने आपल्या जागेवर चक्कर मारून हजेरी लावा. बाकीच्या कंपन्यांनाही ही पद्धत देऊ केली आणि साथ असेपर्यंत पेटंटची फी माफ. रांगेत उभं न राहण्याचं पेटंट असू शकतं हे आपल्याला आधी सुचलं असतं तर मध्य प्रदेशच्या तिजोरीची चिंता मिटली असती.

साथ गेली. हात धुणं गेलं, मास्क गेले, काढे गेले. बऱ्याच जहाजांवर ही सोय मात्र राहिली. प्रवाशांना ती आवडली, आणि कंपनीला तर फारच आवडली, कारण जो अर्धा तास प्रवासी लाइफबोटीखाली घाम पुसत उभा असायचा तो आता दुकानात किंवा बारमध्ये असतो. लाइफबोटीखाली काही विकता येत नव्हतं.

नव्या पद्धतीच्या बाजूने बोलायला जागा आहे, आणि मी प्रामाणिकपणे बोलतो. जुन्या कवायतीत कुणी ऐकत नव्हतं. शिक्षकांच्या धाकाने शाळेच्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या पोरांइतकंच त्यांचं लक्ष असायचं. खोलीत बसून शांतपणे व्हिडिओ बघणारा एखादा सज्जन त्यातून जास्त शिकेल, हेही खरं. पण त्या रांगेत आणखी एक गोष्ट होत होती, जी व्हिडिओत होत नाही. तुमचे पाय तो जिना चढत होते. तुमच्या शेजारी कोण म्हातारं, कोण चाकाच्या खुर्चीतलं, कोण तीन पोरं घेऊन आलेलं आहे हे तुम्हाला दिसत होतं. आणि चार हजार माणसं एकाच वेळी एका दिशेला निघाली की काय होतं, हे त्या विशीतल्या कर्मचाऱ्यांना कळत होतं. म्हणजे कवायत प्रवाशांची कमी आणि जहाजाची जास्त होती. आता प्रत्येक जण एकटा येतो, टुंग वाजवतो, निघून जातो. आपत्ती मात्र अजून जुन्या पद्धतीनेच येते, सगळ्यांना एकदम.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा काका रागावले. "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते. अहो, रेकॉर्ड राहतं. कोणी बघितलं, किती वाजता बघितलं, सगळं कंपनीकडे असतं."

असतं ना. उद्या काही झालंच, तर काकांना सगळं सांगितलं होतं हे कंपनीला मिनिटासेकंदासह सिद्ध करता येईल. काकांना काय समजलं होतं हे सांगायला काका लागतील.

मुंबईकरांनी यावर हसू नये. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' सहाशेंहून जास्त माणसं घेऊन बुडाली, आणि ती बुडाल्याचं शहराला कळायलाच कित्येक तास लागले. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली. प्रवासी क्षमता 84, आणि वर शंभराहून जास्त माणसं. 15 जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवसापासून गेटवेला लाइफ जाकीट सक्तीचं झालं. जाकिटं आधीपासून होती. सक्तीला मुहूर्त लागतो. आणि कॉनकॉर्डियाचं म्हणाल तर तिचीच जुळी म्हणावी अशी 'कोस्टा सेरेना' 2023 च्या नोव्हेंबरात मुंबईहून कोची आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागली, तेव्हा मंत्रीमहोदयांच्या हस्ते तिचं वाजतगाजत स्वागत झालं. कूळ विचारण्याची आपल्याकडे लग्नात पद्धत आहे, जहाजात नाही.

पण आमच्या चौकाचा आवाका मोठा. एवढी चांगली कल्पना फक्त समुद्रावर का वाया घालवायची, असा प्रश्न कुणीतरी टाकला आणि विषय अपरिहार्यपणे 2028 च्या सिंहस्थावर आला. गर्दी म्हणाल तर एका शाही स्नानाला जेवढी माणसं क्षिप्रेच्या रामघाटाकडे वळतात तेवढ्यांसाठी अशी शेकडो जहाजं लागतील. आणि संकट म्हणाल तर 2016 च्या सिंहस्थात 5 मे रोजी वादळ आलं, मंडप कोसळले, भाविकांचा जीव गेला. त्या दिवशी कुठल्या तंबूतल्या माणसाने कुठे पळायचं हे भोंग्याने सांगितलं नव्हतं. तेव्हा या वेळी तयारी हवीच, यावर एकमत झालं.

मसुदाही तिथल्या तिथे तयार झाला. भाविकाने घरून निघतानाच व्हिडिओ बघायचा. चेंगराचेंगरी झाल्यास हात छातीशी कसे धरावेत, घाटावर पाय घसरल्यास काय करावं, वादळ आल्यास कोणत्या खांबाजवळ उभं राहू नये, सगळं त्यात. शेवटी 'पाहिलं' दाबलं की मोबाइलवर हिरवी खूण आणि महाकालाचा फोटो. मग घाटावर येऊन खांबावरचा क्यूआर टिपायचा. तो टिपायला जी गर्दी होईल तिच्यासाठी वेगळा व्हिडिओ. साधूंना सूट, कारण नागा साधूंनी फोन ठेवायचा कुठे हा प्रश्न समितीपुढे अनिर्णित राहिला. नेटवर्क नसेल तिथे भाविकाने बघितलं असं गृहीत धरावं, ही दुरुस्ती एका निवृत्त तहसीलदारांनी सुचवली आणि ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. त्यांचा अनुभव दांडगा आहे.

होमगार्डमधले एक भिया शेजारी भुट्ट्याचा कीस खात ऐकत होते. घाटावर त्यांनी बरीच माणसं बाहेर ओढली आहेत. ते म्हणाले, "साब, 'आगे पानी गहरा है' असं तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलंय. लोक त्या पाटीला धरूनच उतरतात." त्यांना समितीत घेतलं नाही. त्यांच्याकडे प्रेझेंटेशन नव्हतं.

तेवढ्यात ट्रॅव्हलवाला भिया आला. काकांचं ऐकून चौकातल्या निम्म्या घरांत आता क्रूझची हौस शिरली आहे आणि त्याने त्यासाठी खास माळवा पॅकेज काढलंय: इंदूरहून विमान, जहाजावर सेव-पोहे, एकादशीला उपवासाचं. आमच्या शेजारच्या वहिनींनी सगळं बारकाईने विचारून घेतलं, अगदी सेव रतलामची की उज्जैनची इथपर्यंत. शेवटी जरा चाचरत म्हणाल्या, "पण भैया, ते बुडायचं शिकायला लागतं म्हणे. यांचे गुडघे दुखतात. जिने चढवू नका."

"काय वहिनी, इतकी वर्षं आमच्याकडून तिकिटं काढता," तो खिशातून फोन काढत म्हणाला. "तुमची ड्रिल मी इथूनच करून देतो. फक्त ओटीपी सांगा."