अंड्याच्या पांढऱ्यावरचे सेनापती

जनरल बर्नसाइडच्या मिशा गालांवरून निघून थेट कानांपर्यंत जातात, हनुवटीला मात्र टाळतात. नव्या हायवेने एखादं गाव चुकवावं तसं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२च्या डिसेंबरात, फ्रेडरिक्सबर्गला या माणसाने आपली पलटण दगडी भिंतीआडच्या बंदुकांवर पुन्हापुन्हा धाडली आणि हजारो पोरं गमावली. हे सगळं पाठ असूनही त्यांचा फोटो हातात घेतला की माझी नजर आधी मिशांवरच जाते. थोडी लाज वाटते, पण मिशाच तशा आहेत.

पत्त्याच्या पानाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या या फोटोंना ‘कार्त द व्हिझीत’ म्हणतात. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोवाल्याने एकाच काचेवर बऱ्याच छब्या घेण्याची युक्ती काढून पेटंट घेतलं, आणि मोठ्या माणसांचे चेहरे स्वस्त झाले. छपाईच्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप देत. कांदासुद्धा चोरून आणणाऱ्या घरात मी वाढलो. ही सगळी लष्करशाही अंड्यावर उभी आहे हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. शिवाय काही सेकंद हलायचं नाही, म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावत. नीट पाहिलं तर बुटांमागे त्याच्या स्टँडचे पाय डोकावतात. तोफांपुढे न डगमगणाऱ्यांना फोटोवाला असा मानगुटीला धरून उभा करायचा.

पण खरी मजा पाठीमागे असते. १८६४च्या सप्टेंबरपासून अमेरिकेत फोटोंवरही कर बसला, युद्धाचा खर्च भागवायला. विकणाऱ्याने पाठीवर छोटं तिकीट डकवायचं आणि शाईने रेघ मारून रद्द करायचं. उत्तरेतल्या दुकानांत दक्षिणेच्या बंडखोरांचे फोटोही विकले जात. म्हणजे न्यूयॉर्कमधला एखादा कारकून शत्रूच्या सेनापतीची छबी कौतुकाने घरी नेताना त्याच शत्रूला हरवायला दोन सेंट भरत होता. राग आणि हौस यांचा इतका चोख हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. रागही साधा नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या बायकांना अपमानास्पद हुकूम काढणाऱ्या जनरल बटलरचा चेहरा तर लोकांनी रात्री खाटेखाली ठेवायच्या भांड्याच्या तळाशी छापून घेतला होता. माझ्या संग्रहात ते भांडं नाही. जागा नाही, असं मी सांगतो.

या बाजारात पाप जितकं मोठं तितका भाव मोठा. लिंकनचा खुनी बूथ, पुढे कू क्लक्स क्लॅनचा म्होरक्या झालेला फॉरेस्ट, यांच्या किमती ऐकून मी दुकानातलं दुसरंच काहीतरी बघू लागतो. आणि टोपलीत, चिल्लरीच्या भावात, बिननावाचे साधे शिपाई. नवा कोट खांद्यांवर मोठा होतोय, मिसरूड फुटायची आहे, हात कुठे ठेवावेत कळत नाही. आईला पाठवायचा म्हणून काढलेला फोटो. घरात सगळेच ओळखत असणार, मग पाठीवर नाव कोण लिहील? मी सेनापती बघायला जातो आणि बहुधा या पोरांपैकी एखादा घेऊन येतो.

परवा सांगलीहून आत्या आली होती. तिने रॉबर्ट लींचा फोटो उचलला. शरणागतीनंतर थोड्याच दिवसांत रिचमंडच्या घरी ब्रेडी नावाच्या फोटोवाल्याने काढलेला.

“काय सात्त्विक चेहरा आहे! तुझ्या सासरकडचे का कुणी?”

मी सांगितलं, गुलामगिरी टिकवायला निघालेल्या बाजूचे सेनापती, पदरी गुलाम बाळगलेले.

“मग घरात कशाला ठेवलास मेल्याला?” पण फोटो काही खाली ठेवला नाही.

मी मुंबईचा आधार घेतला. यांच्या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडकला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचं वेड लागलं, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५च्या एप्रिलमध्ये यांनी हत्यार ठेवलं, भाव कोसळला आणि पावसाळ्यात प्रेमचंद रायचंदांसारखे शेठही बुडाले. तेव्हा तसा आपला संबंध आहे.

“आपल्यातलं कुणी बुडालं का त्यात?”

“आपल्याकडे बुडायला होतं काय?”

“मग असू दे,” आत्या म्हणाली. “पण देवाकडे तोंड करून नको ठेवूस.”