वाऱ्यावरचा संसार

हॉलंडमधल्या होर्नचे खलाशी १६१६ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून गेले आणि त्या टोकाला गावाचं नाव देऊन मोकळे झाले. आज त्याच होर्नमधून हौशी नवराबायको शिडाच्या बोटीने शेजारच्या एंकहाउझनला निघतात. समुद्र १९३२च्या बांधाने कधीच अडवलाय. उरलंय ते तळं, खोली जेमतेम चार मीटर. पण वारा सुटला की अशा उथळ पाण्यातच आखूड, उभ्या लाटा थोबाडीत बसतात. सुकाणूवरून नवरा हुकूम सोडतो, दोराशी झटणारी बायको त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. वारा मोठा समंजस, कोणाचंच कोणाला ऐकू देत नाही. संध्याकाळी एंकहाउझनमधल्या ड्रोमेडारिस या १५४० सालच्या बुरुजापुढे फोटो मात्र हसतमुख, खाली मजकूर : ‘मस्त वारा होता!’